कशेडीच्या दुकानातील जुनी डिस्क

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर मागे टाकले की कशेडीचा घाट लागत असे. ‘लागत असे’ म्हणण्याचे कारण इतकेच की, आता बहुतेक वाहने त्या घाटात शिरतच नाहीत. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या जोडबोगद्यांपैकी एक २०२३ च्या गणेशोत्सवात हलक्या वाहनांसाठी प्रथम खुला झाला. पुढे काही काळ बंद, काही काळ चालू, असे होत होत वाहतूक बोगद्यातच स्थिरावली. वळणावळणांचा पाऊण तास दहा-बारा मिनिटांवर आला. प्रवाशांच्या दृष्टीने हे वरदानच होय. मात्र जुन्या रस्त्याच्या कडेला ज्यांचे आयुष्य गेले, त्या टपरीवाल्यांच्या आणि दुकानदारांच्या वहीत या बोगद्याची नोंद वेगळ्या बाजूला झाली.

भोगावच्या पुढे, जुन्या रस्त्याच्या चढणीला असेच एक किराणा मालाचे दुकान आहे. पंचक्रोशी मालकांना नुसते ‘शेठ’ म्हणते. वय अडुसष्ट. वडिलांनी मांडलेली गादी, आसपासच्या वाड्यांची उधारी, पावसाळ्यापूर्वीची मीठ-मिरची-कांद्याची भरणी आणि पूर्वी घाट चढण्याआधी थांबणाऱ्या गाड्यांचे गिऱ्हाईक, या चार खांबांवर ते दुकान उभे होते. त्यांतला शेवटचा खांब गेला. चिरंजीव महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. सूनबाई दुकानाचे हिशेब पाहतात आणि रविवारी पोलादपुरात मुलांची पाठशाळा घेतात. नातू पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. अशा या घरात गेल्या दिवाळीपूर्वी एक प्रश्न उभा राहिला. वरवर पाहता तो अगदी किरकोळ होता. लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलावी की न बदलावी?

लॅपटॉप २०१५ च्या अक्षय्य तृतीयेला घेतलेला. किंमत त्या वेळी चाळीस हजार. आयकराच्या नियमांनुसार संगणकावर आरंभीची दोन वर्षे साठ टक्के आणि त्यानंतर चाळीस टक्के घसारा धरला, तर दहा वर्षांअखेर त्याचे पुस्तकी मूल्य १०७ रुपये उरते. हिशेबशास्त्राला विचाराल तर तो लॅपटॉप म्हणजे एका गोडेतेलाच्या पिशवीपेक्षाही हलकी मालमत्ता! पण त्यात अकरा आर्थिक वर्षांचे हिशेब होते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आणि नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात; तेव्हा त्यांतली निम्म्याहून अधिक वर्षे कायद्यानेच बांधलेली होती. आणि याखेरीज त्यात शेठाणींचा आवाज होता.

शेठाणी चार वर्षांपूर्वी निवर्तल्या. सूनबाईंच्या आधी पाठशाळा त्याच चालवीत. सूत्रांचे उच्चार मुलांनी घरी ऐकावेत, जोडाक्षरे गिळू नयेत, म्हणून त्यांनी सामायिकाची आणि प्रतिक्रमणाची सूत्रे एकेक करून मोबाईलवर म्हणून ठेवली होती. अशी सेहेचाळीस ध्वनिमुद्रणे झाली. तो मोबाईल पुढे निकामी झाला. त्याआधी कोणीतरी ती लॅपटॉपवर उतरवून घेतली, एवढेच पुण्य. आजही रविवारी सूनबाई लॅपटॉप उघडतात आणि मुले सासूबाईंच्या मागून सूत्र म्हणतात. पण तो उघडायलाच सात-आठ मिनिटे लागू लागली. मुलांची चुळबुळ सुरू होई. त्यात भर म्हणून आतून मधूनमधून ‘टक्‌ टक्‌’ असा बारीक आवाज येऊ लागला होता.

घरात तीन मते पडली. महाडच्या दुरुस्तीवाल्याने सांगितले, “शेठ, यात आता पैसे घालू नका. पंचेचाळीस हजारांत नवा मिळेल.” चिरंजीव म्हणाले, “बाबा, दुकान अजून किती वर्षे चालवायचे, ते आधी ठरवू. मग लॅपटॉपचे बघू.” नातवाने फोनवर सांगितले, “आजोबा, फक्त डिस्क बदला, एसएसडी टाका. बाकी काही करू नका.” तिघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि घोटाळा नेमका तिथेच होता, कारण तिघे तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते.

पहिला प्रश्न यंत्राचा. लॅपटॉप मंद होतो तेव्हा सर्वसाधारण समज असा की यंत्र म्हातारे झाले. वास्तविक त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, दहा वर्षांत म्हातारा होत नाही. पहिल्या दिवशी तो जितकी आकडेमोड करी तितकीच आजही करतो. अडते ते भांडारात. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या फिरत असतात आणि एक बारीक भुजा त्यांच्यावरून मागेपुढे सरकत माहिती वाचते. लॅपटॉपमधल्या सामान्य डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला नव्वद. ऐकताना हा वेग अफाट वाटतो. पण हवी ती नोंद भुजेखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते. भुजेच्या सरकण्याचा वेळ त्यात मिळवला तर एका नोंदीमागे पंधरा-वीस सहस्रांश सेकंद जातात. लॅपटॉप सुरू होताना अशा हजारो लहान लहान नोंदी इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे, सरकणारे असे काहीच नसते. माहिती विद्युतभाराच्या रूपाने चिपमध्ये असते आणि नोंद मिळण्यास सहस्रांश सेकंदाचा जेमतेम दहावा भाग लागतो.

नातवाने आजोबांना हे सांगताना घाटाचेच उदाहरण दिले. गाडीचे इंजिन कितीही दमदार असो, कशेडीत ट्रकच्या मागे लागली की तिचा वेग ट्रकचा. इंजिन बदलून उपयोग नाही, रस्ता बदलायला हवा. शेठ यावर हसले म्हणतात. कारण रस्ता बदलल्याचा परिणाम त्यांच्याइतका कोणाला ठाऊक असणार? पण मुद्दा त्यांना पटला. आणि तो पडताळून पाहण्याची सोयही होती. विंडोजमध्ये ‘टास्क मॅनेजर’ नावाची पाटी उघडली की कोणत्या भागावर किती ओझे आहे ते दिसते. सूनबाईंनी पाहिले. प्रोसेसर पंधरा-वीस टक्के, मेमरी सत्तर टक्के, डिस्क शंभर टक्के. आणि ती शंभरावरून खाली यायला तयार नाही. हे आकडे उलटे असते, मेमरी शंभरावर आणि डिस्क निवांत असती, तर नातवाचा सल्ला चुकीचा ठरला असता. पैसे खर्च करण्याआधी दोन मिनिटांची ही तपासणी बहुतेक लोक करीत नाहीत, हे नवलच.

दुसरा प्रश्न आयुर्मानाचा, आणि येथे दुरुस्तीवाल्याच्या म्हणण्यात तथ्य होते. विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. २०१५ च्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतरीत्या चालत नाही. नोंदणी करणाऱ्यांना आणखी एक वर्ष सुरक्षेची मुदतवाढ मिळते, एवढेच. याचा अर्थ असा की डिस्क बदलून लॅपटॉप चपळ होईल, पण त्यावर निश्चिंतपणे बँकेचे व्यवहार करण्याचे दिवस मोजकेच उरलेले आहेत. एसएसडीची भलामण करणारे बहुधा ही बाजू सांगत नाहीत. शेठांच्या घरी तोडगा निघाला तो असा: बँक आणि कराचे व्यवहार चिरंजीवांच्या नव्या संगणकावर, या लॅपटॉपवर केवळ हिशेबलेखन आणि पाठशाळा.

तिसरा प्रश्न दुकानाचा. तोच खरा जड होता. बँकेत कर्ज देताना एक साधा संकेत पाळतात: मालमत्तेचे आयुष्य जितके, त्याहून कर्जाची मुदत मोठी नसावी. तीन वर्षे चालणाऱ्या यंत्रासाठी सात वर्षांचे कर्ज देत नाहीत. घरखर्चातही हा संकेत उपयोगी पडतो. पंचेचाळीस हजारांचा लॅपटॉप सात वर्षे चालला तर वर्षाला सुमारे साडेसहा हजार पडतात; पण दुकान सात वर्षे चालेल असे शेठ स्वतःही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. एसएसडीला दुरुस्तीवाल्याने बावीसशे रुपये सांगितले. दोन वर्षे जरी निभावली तरी वर्षाला अकराशे. शिवाय लॅपटॉप मोडीत निघाला तरी ती डिस्क चार-पाचशे रुपयांच्या डबीत घालून बाहेरून जोडता येते. म्हणजे तो पैसा यंत्राबरोबर बुडत नाही. दुकानाचा निर्णय येत्या अक्षय्य तृतीयेला घ्यायचा असे पितापुत्रांत ठरले होते. तोवर पंचेचाळीस हजार गुंतवून त्या निर्णयाला आधीच एका बाजूला झुकवणे दोघांनाही नको होते.

आकारावरून थोडी चर्चा झाली. जुनी डिस्क एक टेराबाइटची, म्हणजे हजार गिगाबाइटची. “नवी घ्यायची आणि जुनीपेक्षा लहान?” हे शेठांच्या व्यापारी मनाला रुचेना. पण मोजून पाहता दहा वर्षांत भरलेली जागा १४० गिगाबाइट निघाली. तीही बहुतांश लग्नांच्या चित्रफितींनी. हिशेब, ध्वनिमुद्रणे आणि कागदपत्रांची छायाचित्रे मिळून सहा गिगाबाइट देखील होत नव्हती. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताला परिग्रह-परिमाण म्हणतात. किती हवे ते आधी मोजावे, मग मर्यादा घालावी. अडीचशे गिगाबाइटची डिस्क ठरली. कोणी ‘जागा कमी पडली तर’ असे म्हणाले, तेव्हा सूनबाईंनी दोन लग्नांच्या चित्रफिती कोणी शेवटच्या कधी पाहिल्या, असा प्रश्न केला. उत्तर आले नाही.

येथवर सगळे हिशेबात बसत होते. पण तिन्ही मतांत एक गोष्ट कोणीच बोलले नव्हते. डिस्क बदलायची की लॅपटॉप बदलायचा की दुकानच बंद करायचे, यांपैकी काहीही ठरो, आतील सहा गिगाबाइटची प्रत आधी आणि तत्काळ व्हायला हवी होती. तो निर्णयाचा विषयच नव्हता. ‘टक्‌ टक्‌’ करणारी डिस्क निर्णयासाठी थांबत नाही. नातवाने दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्यावर डिस्कची प्रकृती दाखवणारे एक मोफत साधन लावले, तेव्हा त्यात पिवळा इशारा आला: काही भाग वाचता येत नाहीत, काही बदलून दुसरीकडे हलवले गेले आहेत. सहा महिने ज्यावर चर्चा चालली होती, ते भांडार आतून झिजत होते.

महाड-पोलादपूरच्या लोकांना प्रतीचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीला पूर आला आणि महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्या दिवसाचे खरे दुःख तळियेचे. दरड कोसळून एक वाडीच गेली, त्यापुढे वह्यांचे काय! पण पूर ओसरल्यावर दुकानदारांनी चिखलातून जे बाहेर काढले त्यात उधारीच्या वह्या होत्या, संगणक होते, आणि त्या संगणकांच्या शेजारच्याच खणात ठेवलेल्या प्रतीही होत्या. एकाच छपराखालची दुसरी प्रत ही पुरापुढे प्रत नव्हेच. तीन प्रती असाव्यात, दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक दुसऱ्या गावी असावी, हा संगणकवाल्यांचा संकेत महाडकरांनी वेगळ्या शाळेत शिकलेला आहे.

जैन समाजाला तर ही गोष्ट अधिकच जवळची वाटावी. आगम कित्येक शतके मुनींच्या कंठात होते. दुष्काळांत आणि काळाच्या ओघात ते कंठ कमी होत गेले, तेव्हा वीरनिर्वाणानंतर ९८० व्या वर्षी (काहींच्या मते ९९३ व्या) देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे ते ग्रंथारूढ झाले. स्मृतीवरून पानावर माहिती हलवण्याचा तो निर्णय होता. त्यानंतर ताडपत्रांवरून ताडपत्रांवर, ताडपत्रांवरून कागदावर, अशा नकला होत राहिल्या. जैसलमेर आणि पाटणच्या भांडारांत आज जे आहे ते केवळ जपल्यामुळे उरले नाही, पुन्हा पुन्हा उतरवल्यामुळे उरले आहे. ज्ञानपंचमीला पोथ्या बाहेर काढून झटकण्याची, वाळवी-कसर पाहण्याची रीत ही मूळची भांडाराची वार्षिक तपासणीच होय. दिगंबर परंपरेत श्रुतपंचमीला हेच स्थान आहे.

आणि त्याच परंपरेत उलट बाजूचे उदाहरणही आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्री प्रती मूडबिद्रीच्या मंदिरात होत्या. शतकानुशतके त्यांचे भक्तिभावाने दर्शन घेतले गेले. परंतु अभ्यासकांना उपलब्ध अशी दुसरी प्रत कोठे नव्हती. पाने कुरतडली जात होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी मनावर घेतले आणि नकला करण्याचे काम सुरू झाले. ते अनेक वर्षे चालले. अखेर डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड १९३९ साली आपल्या महाराष्ट्रातूनच, अमरावतीहून, छापून बाहेर पडला. मधल्या काळात एखादी आग लागली असती, एखादे छप्पर गळले असते, तर? पूजनीय वस्तू कुलूपबंद ठेवली म्हणजे ती सुरक्षित झाली, ही समजूत किती महागात पडू शकली असती याचा विचार करवत नाही. शेठांच्या लॅपटॉपलाही दर दिवाळीला वहीपूजनात पाटावर बसवून, कुंकू-अक्षता वाहून, झाकून ठेवले जात असे. पूजा दहा वेळा झाली होती, प्रत एकदाही नाही.

प्रत्यक्ष काम दोन दिवस चालले. संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल एका दमात करता येते. परंतु डिस्क आजारी असेल तर तसे करणे धोक्याचे, कारण सडलेल्या भागापाशी काम अडते आणि त्या ओढाताणीत डिस्क कायमची बसू शकते. म्हणून नातवाने क्रम लावला. आधी ध्वनिमुद्रणे, मग हिशेब, मग कागदपत्रे, आणि लग्ने सर्वांत शेवटी. हिशेब निर्वेध उतरले. ध्वनिमुद्रणांपैकी त्रेचाळीस उतरली. तीन अडली. त्यांतली दोन पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यावर मिळाली. एक मिळाले नाही: ‘वंदित्तु’. अर्ध्यावर येऊन ते थांबे, टक्‌ टक्‌ होई आणि यंत्र गोठे. रात्री उशिरापर्यंत चाललेला तो प्रयत्न शेवटी शेठांनीच थांबवला.

दुसऱ्या दिवशी महाडला नेऊन नवी डिस्क बसवून घेतली. मागचे झाकण उघडून आठ-दहा स्क्रू, एक खाच, एक जोड. वीस मिनिटांचे काम. विंडोज आणि हिशेबाची प्रणाली नव्याने घालण्यातच काय तो वेळ गेला. लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटाच्या आत उघडतो. दुरुस्तीवाल्याने जुनी डिस्क दोनशे रुपयांत मागितली, ती दिली नाही. तिच्यात वाड्यावाड्यांतल्या लोकांची उधारी आणि आधार कार्डांची छायाचित्रे आहेत, ती भंगाराबरोबर कोणाच्या हाती जावी असे नव्हे. ती कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. पोलादपूर-कशेडीच्या पावसाळी दमट हवेचा विचार करून कोणीतरी सिलिका जेलची पुडी टाकली.

एसएसडीचेही काही दोष आहेत आणि ते घरातल्या सर्वांना सांगून ठेवले गेले. तबकडीची डिस्क बहुधा कण्हून मग मरते. एसएसडी काही वेळा काहीही न बोलता जाते. तिच्यावरून पुसलेली गोष्ट परत मिळवणे फार अवघड असते. आणि वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर तिच्यातील भार हळूहळू ओसरू शकतो. तेव्हा ती कामाची पेटी आहे, तिजोरी नव्हे. पेन ड्राइव्हचेही तसेच. म्हणून सहा गिगाबाइटची एक प्रत पेन ड्राइव्हवर दुकानाच्या गल्ल्यात आहे, एक नातवाबरोबर पुण्याला त्याच्या हार्ड डिस्कवर गेली आहे, आणि दर ज्ञानपंचमीला दोन्ही उघडून, ऐकून, पुन्हा उतरवायच्या असे ठरले आहे. सूनबाईंनी वहीच्या पहिल्या पानावर, गौतमस्वामी आणि शालिभद्रांच्या नावांखाली, कोणती प्रत कोठे आहे ते तारखेसह लिहून ठेवले आहे.

‘वंदित्तु’साठी त्यांनी पाठशाळेतून शिकून गेलेल्या मुलामुलींना निरोप धाडले. शेठाणी ती सूत्रे पूर्वी कधी कधी पालकांच्या मोबाईलवर पाठवीत असत. महाडला दिलेल्या एका मुलीकडे ते निघाले. पूर्ण नव्हे, पहिल्या एकोणीस गाथांपर्यंत. पुढचे कोणाकडे आहे का, याची चौकशी चालू आहे.